मोटर फिरून राहिली

मूर्तिजापूरच्या शोभाताईंचं नाव आधी लिहितो. प्रवासाची हकीकत निघाल्यापासून सांगायची असते हे मला ठाऊक आहे. पण माझी सायकल वाटेत बंद पडली आणि शोभाताईंनी हात लावला नसता तर पुढचा प्रवास झालाच नसता, म्हणून पहिली ओळ त्यांची. त्या शेतातल्या पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतात, म्हणजे जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून नवी भरतात. बापूरावांचंही नाव इथंच घेतो, नाहीतर ते म्हणतील, "माह्या ऑटोत बसून गेला अन् मलेच इसरला."

आता काय झालं ते.

अमरावती सोडताना

मी गुहागरकडचा. आठवीत शाळा सोडली. बहिणीला शिकता यावं म्हणून सोडली असं आमची आई चारचौघांत सांगते. खरं तर गणितापायी सोडली. पण बहीण शिकली, एवढं मात्र खरं. सायली तिचं नाव. ती आरोग्यसेविका झाली आणि पहिली नेमणूक मिळाली अकोल्याजवळच्या एका उपकेंद्रात, कंत्राटी. तिच्या पाठोपाठ काही महिन्यांनी मीही इकडे आलो. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कपड्याच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. बहीण एकटी एवढ्या लांब, निदान एका जिल्ह्याच्या अंतरावर तरी असावं, असा माझा हिशोब. गणित कच्चं असल्यामुळे हे अंतर केवढं असतं ते आल्यावर कळलं.

सायलीचं दुखणं पायाचं. उपकेंद्राची गावं आत आत, मध्ये ऑटो नाही. स्कूटीवरून ती एकदा पडली तेव्हापासून पेट्रोलच्या गाडीला हात लावत नाही. साधी सायकल येते, पण लशीचा डबा घेऊन उन्हात दिवसभर पायडल मारून संध्याकाळी पाय सुजायचे. एके दिवशी फोनवर म्हणाली, "दादा, सोमवारपर्यंत काही सोय झाली नाही तर मी मॅडमना नोकरी सोडते म्हणून सांगते आणि गावी जाते." रडत सांगितलं असतं तर समजूत काढली असती. तिने अगदी शांतपणे सांगितलं, त्यामुळे मला झोप येईना.

कारखान्यातला एक सोबती बिहारला परत चालला होता. त्याची बॅटरीवरची सायकल मी घेतली. जुनी, पण पुढे छान जाळीची टोपली. पायडलही मारता येतं, आणि उजवी मूठ पिळली की मोटर ओढते. सायलीसाठीच बनवल्यासारखी. ती अकोल्याला कशी न्यायची, हा प्रश्न राहिला. एसटीचा कंडक्टर म्हणाला, सायकल टपावर चढेल, बॅटरी नाही. रेल्वेच्या पार्सलवाल्यानेही बॅटरीकडे साप बघावा तसं बघितलं. तेव्हा मी ठरवलं, चालवतच न्यायची. शनिवारी निघायचं, वाटेत हॉटेलांत चहा घेत चार्जिंग करायचं, रविवारी पोचायचं.

उजाडताच निघालो. राजकमल चौकात एक गिला वडा खाल्ला. हा वडा दह्यात बुडालेला असतो आणि वर तिखट चटणी. आमच्याकडे वडा कोरडा, हातात धरून चालता चालता खायचा. इथं थांबावं लागतं, वडा आपल्याला थांबवतो. तेवढ्यात सायलीचा फोन.

"दादा, येऊन राहिलास का?"

"अगं, येऊन कुठला राहतोय? अजून अमरावतीतच आहे."

ती हसली. का हसली ते तेव्हा कळलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लोणीच्या पुढे

बडनेरा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी जमीन उघडी झाली. मी जन्मभर डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वावरलेला माणूस. इतकं सपाट बघायची डोळ्यांना सवय नाही. काळी जमीन, तिच्यावर धुक्याचा पातळ थर, आणि धुक्यातून डोकी वर काढून उभी असलेली तूर. मधूनच फुटलेल्या कापसाचं शेत यायचं. ओहोटीला पाणी मागे सरतं आणि वाळूवर फेस उरतो ना, अगदी तसं. मोटरचा आवाज इतका बारीक की कान दिला तरच ऐकू यायचा. वाटायचं मी सायकलवर नाहीच, होडीत बसलोय, शीड भरलंय आणि कुणीतरी दुसराच सुकाणू धरून आहे. बाजूच्या मोठ्या रस्त्याने ट्रक जायचे तेही मला लांबच्या बोटींसारखे दिसायचे.

लोणीला चहाच्या टपरीवर बॅटरी थोडी भरून घेतली. तिथून पुढे थोडंच गेलो असेन, सायकल आचके द्यायला लागली. ओढायची, थांबायची. खाली उतरलो. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर बॅटरी भरलेली दिसत होती. मागचं चाक उचलून मूठ पिळली. चाक भर्रकन फिरलं, आणि थांबलं. पुन्हा पिळली. फिरलं, थांबलं. सोमवार डोळ्यांपुढे उभा राहिला.

सायकल ढकलत टपरीवर परत आलो. टपरीवाला म्हणाला, "करंटवालं काहीबी असो, मूर्तिजापूरची शोभाताई खोलते. लावा फोन." त्यानेच नंबर लावून, सायकल बिघडल्याचं सांगून फोन माझ्या हातात दिला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे 'राहिला' म्हणजे थांबला. पाऊस राहिला, म्हणजे पाऊस थांबला, आता बाहेर पडा. कारखान्यात सगळे हिंदी बोलणारे. त्यामुळे वऱ्हाडी बोली माझ्या कानावरून गेली होती, कानात शिरली नव्हती. आता फोन ऐका.

"काय झालं भाऊ सायकलले? मोटर फिरून राहिली काय?"

मला इतकं बरं वाटलं! न बघता बाईंनी अचूक ओळखलं.

"हो ताई, अगदी तसंच! फिरून राहिली."

"मंग?"

"मग काय ताई, फिरून राहिली ना!"

"फिरून राहिली तं फिरू द्या नं. बसा अन् या."

"कसा येऊ? फिरून राहिली म्हणून तर फोन केला!"

पलीकडचा आवाज गंभीर झाला. "मूठ सोडली तरी फिरून राहिली?"

"मूठ सोडा, धरा, काहीही करा. फिरून राहते."

"बाप्पा! मंग थ्रॉटल अडकला तुमचा. त्या मुठीच्या वायरची पिन काढून टाका आधी. नाईतं ट्रकखाली जासान."

ट्रकचं नाव ऐकताच मी सायकलकडे धावलो. मी पिन शोधली, उपसली. सायकल पूर्ण मेली. फिरून राहणं सोडाच, फिरेचना. घाबरून पिन परत बसवायला गेलो तर ती बसेना. दाबली. आत काहीतरी वाकल्याचं बोटांना कळलं. मी फोन टपरीवाल्याला परत दिला आणि बाकावर बसलो. त्याने न विचारता चहा पुढे केला.

बापूराव त्याच वेळी आले. मालवाहू ऑटो, मागे जळकी पाण्याची मोटर, डोक्याला उपरणं. टपरीवाल्याने माझी हकीकत सांगितल्यावर ते म्हणाले, "मी शोभीकडंच चाललो. चढवा सायकल. दोन मुडदे संगंच नेतो."

मूर्तिजापूर

मागच्या हौद्यात मी दोन मुडद्यांच्या मध्ये बसलो होतो. जळलेल्या वार्निशचा वास येत होता. एका जागी रस्त्याच्या कडेला गवतात बुडालेले रेल्वेचे अरुंद रूळ दिसले. बापूरावांनी मागे तोंड करून ओरडून सांगितलं की इथं पूर्वी छोटी गाडी धावायची, इतकी हळू की माणूस उतरून शेंगा तोडून परत चढायचा. मला ते खरं वाटलं. त्या दिवशी मला सगळंच खरं वाटत होतं आणि सगळंच स्वप्नातलं.

शोभाताईंचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, दारात कडुनिंब. त्याच्या सावलीत मोटारी ओळीने बसलेल्या, दवाखान्याबाहेर माणसं बसतात तशा. ताई पन्नाशीच्या. साडीवर पुरुषी शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात. आल्या-गेल्याचा जय भीम घेत हात चालूच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमीच काय ते, फिरून राहिलेवाले?"

त्यांनी चिमट्याने वाकलेला काटा सरळ केला, पिन बसवली, चाक उचलून मूठ पिळली. चाक फिरलं. थांबलं.

"हे तं थांबून राहिली!" ताई म्हणाल्या.

"तेच तर सांगत होतो ताई! फिरून राहिली!"

"अहो भाऊ, फिरून नाई राहिली."

"राहिली ना. ही बघा, राहिली की!"

ताईंनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "तुमच्याकडं राहिली म्हंजे काय हो?"

"राहिली म्हणजे थांबली."

त्या जमिनीवर बसल्याच. हसता हसता शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागल्या. "मंग मी काम करून राहिली म्हंजे काय? काम सोडून बसली? बापूराव, ऐकलं काय?"

बापूरावांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "पानी पडून राहिलं म्हटलं की याच्याकडचे लोकं छत्री मिटत असतीन!"

मलाही हसू आलं, आणि सकाळचं सायलीचं वाक्य एकदम उलगडलं. ती विचारत होती, तू येतोयस ना? आणि मी म्हणालो होतो, येऊन कुठला राहतोय! बहिणीला असं उत्तर गेलं म्हणून तिथूनच तिला फोन केला. म्हटलं, येऊन राहिलोय गं. ती म्हणाली, "कळलं दादा, आता बोलायला शिकलास."

हसून झाल्यावर ताई म्हणाल्या, "आता नीट सांगा, घाई कशाची हाय?" मी सायलीचं सगळं सांगितलं. पायाचं, गावांचं, सोमवारचं.

बापूरावांना ते पसंत पडलं नाही. "शोभे, माहा हरबरा उभ्यानं सुकून राहिला अन् तू लेकरायच्या सायकली खोलून राहिली?"

"तुहा हरबरा एक रोज दम धरते," ताई म्हणाल्या. "ती पोरगी सोमवारी दम धरत नाई. बस तथी, शेंगा खाय."

बापूराव कुरकुरत बसले आणि तुरीच्या शेंगा सोलायला लागले. सोलून झाल्या की माझ्याही ओंजळीत टाकायचे.

अशी सायकल ताईंनीही आधी हाताळलेली नव्हती. त्या म्हणाल्या, मोटर ती मोटर, विहिरीत काय अन् चाकात काय. पण पाण्याच्या मोटारीला ब्रेक नसतो, इथं आम्ही दोघं चाचपडलो. वाचणाऱ्यांपैकी कुणाची अशी सायकल आचके देऊन बंद पडली, तर आमचं चाचपडणं उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आधी बॅटरी तिच्या खाचेत घट्ट बसलीय का बघितलं, कारण खड्ड्यांनी ती हलते आणि करंट तुटतो. घट्ट होती. मग मोटरकडे जाणाऱ्या जाड वायरीचा जोड उघडून धूळ पुसली. फरक नाही. ताईंचं म्हणणं मोटरमधली वायर तुटली असेल, खोलूया. मला भीती वाटत होती. मोटर खोलली तर सोमवार गेलाच. मी नुसता हँडल धरून उभा होतो, आणि माझ्या लक्षात आलं की चाक थरथरायला लागलं की डावा ब्रेक आपोआप जरासा खाली लोंबतो, माझ्या बोटांना टेकतो. म्हटलं, "ताई, हा का झोपतोय?"

ताईंनी ब्रेकची वायर चाचपली. दोन वायरी. एक तारेची, ब्रेक ओढणारी. दुसरी बारीक, करंटची. "ह्या ब्रेकाले करंट कायले पाहिजे?" त्या स्वतःशीच बोलल्या आणि बारीक वायरीची पिन काढली. मूठ पिळली. चाक फिरलं. फिरतच राहिलं.

"आता?" ताईंनी विचारलं.

"आता फिरून राहिली," मी म्हटलं. "तुमच्या अर्थाने."

झालं होतं ते असं. ब्रेक दाबला की मोटरचा करंट तोडणारं एक बटण मुठीत असतं. ब्रेकची स्प्रिंग सैल झाली होती. रस्त्याच्या हादऱ्याने ब्रेक जरा लोंबायचा, आणि बटणाला वाटायचं स्वाराला थांबायचंय. सायकल बिचारी आज्ञा पाळत होती. मला वाटलं, आता पिन काढलेलीच ठेवू, निघतो. ताईंनी हात धरला. "अन् पोरगीनं ब्रेक दाबला अन् मोटर ओढूनच राहिली तं? समोर बैल आला तं?" त्यांनी जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली, ब्रेकला अडकवून टोपलीच्या जाळीला बांधली. पट्टी ब्रेकला सतत पुढे ओढून धरणार, माणसाने दाबला तरच तो दबणार. पिन परत बसवली. पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. दाबला की थांबते, सोडला की फिरते.

बॅटरी लगेच चार्जिंगला लावायला गेलो तर ओरडा बसला. "हात लाव तिले! कशी तापून राहिली. थंडी होऊ दे, मंग लाव." त्या कधी 'तू' म्हणायला लागल्या ते माझ्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवलो. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, कच्चा कांदा. माशाशिवाय जेवण पूर्ण होत नाही असं मी समजायचो, ते त्या वांग्याने खोटं पाडलं. बापूरावांची मोटर दारात तशीच उघडी होती आणि ताई जेवण उरकून परत तिच्यात तार भरायला बसल्या. ऊन कलत होतं, तांब्याची तार त्यांच्या बोटांतून सोनेरी होऊन आत जात होती. त्यांनी मध्येच विचारलं, "समुद्र म्हनते तो कसा असते रे? मी टीव्हीवरच पायला. खरंच रोज येते अन् रोज जाते?"

"रोज. दोनदा येतो, दोनदा जातो."

"बंद नाई पडत?"

"नाही ताई."

"मोटर चांगली हाय मंग त्याची," त्या म्हणाल्या आणि तार ओढली. जरा वेळाने पुन्हा, "अन् आवाज?"

मी आवाज करून दाखवायचा प्रयत्न केला. नीट जमला नाही. पण कडुनिंब तेवढ्यात हलला आणि त्याने माझ्यापेक्षा चांगला करून दाखवला. ताई ऐकायला हात थांबवून राहिल्या. त्यांच्या अर्थाने नव्हे. आमच्या अर्थाने, अगदी स्तब्ध.

अकोला

रात्री मुक्काम ताईंकडेच केला. सकाळी निघताना त्यांनी पट्टी पुन्हा एकदा ओढून बघितली, चाकात हवा भरली आणि म्हणाल्या, हवा कमी असली की बॅटरी उगीच खर्च होते, पोरगीला सांग. बापूराव आपली मोटर न्यायला आले होते. मला म्हणाले, "जाऊन राहिला काय?" मी म्हटलं, "जाऊन राहिलो." कोकणात हा शब्द मी असा वापरला असता तर लोक म्हणाले असते, जायचं की राहायचं, नक्की काय ते ठरव.

मूर्तिजापूर ते अकोला माझ्या लक्षात एका सलग धुक्यासारखं राहिलंय. काटेपूर्णा नदीच्या पुलाच्या चढावर पडद्यावरची बॅटरी अचानक अर्ध्यावर आली. उतरून चाललो, पूल संपला, पुन्हा भरलेली दिसायला लागली. चढावर दम लागतो, तिचंही तसंच असावं. बोरगाव मंजूला थांबून सोललेली संत्री खाल्ली, बॅटरी निववून भरली. प्रत्येक खड्ड्यानंतर मी डाव्या ब्रेकची काळी पट्टी बघायचो. ती ताणून उभी असायची, कुणीतरी मूर्तिजापूरहून एक बोट लावून धरल्यासारखी.

सायली खोलीच्या दारात उभी होती. सायकल बघून काही बोलली नाही. टोपलीत हात फिरवला, पट्टीला बोट लावून विचारलं, "हे काय?"

"शोभाताई," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, तिने लशीचा डबा टोपलीत ठेवला. मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागून चालत गेलो. तिने मूठ पिळली, सायकल आवाज न करता पुढे गेली. वळणावर गाय आडवी आली. सायलीने ब्रेक दाबला, सायकल थांबली. गाय गेली, सायकल निघाली. मॅडमना सांगायचं काय झालं, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी तिचे पाय बघितले. सुजलेले नव्हते. आपल्या पायांकडे बघत ती म्हणाली, "उद्या आतल्या गावाला जाऊन येते दादा. तिकडे आजवर कुणी नीट गेलंच नाही." मी तोंड फिरवलं.

"दादा, काऊन रडून राहिला?"

"रडून राहिलो," मी डोळे पुसत म्हटलं. दोन्ही अर्थांनी खरं होतं.

शोभाताई, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून शेवटी तुमच्यासाठी लिहितो. मी तुम्हाला काही देऊ म्हटलं तेव्हा तुम्ही हात झटकलात. पण एक दिवस, आंबे संपून गर्दी ओसरली की, मी तुम्हाला गुहागरला नेणार. ओल्या वाळूवर खुर्ची टाकून बसवणार. पाणी तुमच्या पायाशी येईल तेव्हा मी विचारीन, ताई, लाट येऊन राहिली काय? तुम्ही हो म्हणाल. तुमच्या बोलीत ती येतच असेल, आमच्या बोलीत ती येऊन तुमच्या पायाशी थांबली असेल. दोन्ही खरं होईपर्यंत आपण तिथून उठायचं नाही. मी येऊन राहिलो, ताई.